उशिरा हसणारा

“आता म्हातारा द्या, ताई,” फोनवरून एडिटर म्हणाला.

आवाज घुमू नये म्हणून ताईनं रजई डोक्यावरून ओढली, माइक तोंडाशी धरला आणि म्हातारा दिला. हे हे हे, मग खोकल्याची उबळ, मग पुन्हा हे हे. मग जाडा माणूस दिला, पार पोटातून, गदगदत. मग मागच्या रांगेतल्या दोन कॉलेजच्या पोरी, फिदीफिदी. आणि सगळ्यात शेवटी तिचा लाडका, उशिरा हसणारा. सगळ्यांचं हसून झालं की याला विनोद कळतो, आणि मग हा एकटाच ‘हॅ!’ करून फुटतो.

हेच तिचं काम. विनोदी मालिकेच्या शूटिंगला पहिल्या रांगेत बसायचं आणि सगळ्यांच्या आधी हसायचं. ती हसली की अख्खा हॉल हसायचा, लागण झाल्यासारखा. पण शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली, हॉलला कुलूप. शूट करून ठेवलेले भाग होते, पण त्यांना हसणार कोण? मग एडिटर म्हणाला, ताई, तुम्ही घरूनच हसा. एकेक माणूस वेगळा हसा, मी सगळे जोडून हॉल भरतो. लोक घरात कोंडून बसलेत, मालिका लागली की तेवढाच त्यांचा जीव थाऱ्यावर येतो.

तर ताई रोज दुपारी हॉल भरायची. एकटी. एका खोलीत, रजईखाली, घामाघूम होऊन. एडिटर सगळं जोडून परत पाठवायचा, मग ती ते मोठ्ठ्यानं लावून ऐकायची, कुठे कोण कमी पडतंय का ते बघायला. आणि गंमत बघा, एवढी माणसं हसून गेली की खोली अशी काही गप्प व्हायची, की स्वतःच्या हातून चमचा पडला तरी ती दचकायची. नवरा जाऊन किती वर्षं झाली. लेक लांब. बिल्डिंगमध्ये तर दंगलीपासून लोक जिन्यात भेटले तरी ओळख देत नव्हते. दारं बंद, तोंडं बंद.

“ताई, म्हातारा पुन्हा घेऊ या?” एडिटर जरा घुटमळला. “राग मानू नका, पण आज तो... रडतोय असं वाटतंय. जाड्याचंही तेच.”

तिनं पुन्हा घेतला. हे हे झालं आणि पुढचा खोकला हुंदक्यासारखाच निघाला. पुन्हा घेतला. आता तर हे हेसुद्धा येईना.

“माझ्यानं नाही होणार रे आता. दुसरं कुणी बघ.”

“दुसरं कोण बघू? सगळ्यांना विचारून झालं. कुणालाच हसू येत नाहीये, ताई.”

“मग बंद करा ती मालिका,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. त्या दिवशी हॉल भरलाच नाही.

संध्याकाळी दार वाजलं.

त्या दिवसांत दार वाजणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तिनं दाराच्या भिंगातून पाहिलं. भिंतीपलीकडचे मास्तर! बिल्डिंगमधली पोरं त्यांना चूप मास्तर म्हणायची, कारण जिन्यात कुणी जरा खिदळलं की ते आतून ओरडायचे, चूप! भिंत तर काय, नुसता पुठ्ठा. ताईला वाटलं, लोकांची घरं जळतायत आणि ही बाई दात काढतेय, हेच ऐकवायला आले असणार. तिनं साखळी न काढता दार किलकिलं केलं आणि ते काही बोलायच्या आत म्हणून टाकलं, “चुकलं माझं, मास्तर. आजपासून बंद केलंय.”

मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. “मी कुणाला सांगणार नाही हो. संचारबंदीत एवढी माणसं जमवता, धाडस आहे बाई तुमचं.”

“कसली माणसं?”

“रोज ऐकतो ना मी. विनोद काय असतो ते भिंतीतून कळत नाही, हसणंच तेवढं येतं. पण मीही आपला हसून घेतो त्यांच्याबरोबर. नाहीतर दिवसभर दुसरं आहे काय? आज एकदम शांत होतं. म्हटलं, कमी लोक आले असतील, आज जागा होईल.” मास्तर जरा लाजले. “तो एक उशिरा हसणारा आहे ना, त्याच्याशेजारी बसवा मला. बिचारा शेवटी एकटाच पडतो. माझंही तसंच आहे.”

तेव्हा कुठे तिला दिसलं, मास्तरांच्या काखेत घडीची खुर्ची होती. घरून आणलेली.

तिनं साखळी काढली. दार सताड उघडलं.

मास्तर आत आले आणि दोन पावलांत थांबले. एक पलंग. त्यावर चुरगळलेली रजई. एक माइक. टेबलावर एकच कप. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं, पुन्हा पलंगाकडे पाहिलं. बराच वेळ ते त्या रजईकडेच बघत राहिले. खुर्ची तशीच काखेत.

“बाकीचे?” त्यांनी हळूच विचारलं.

ताईनं त्यांच्या काखेतली खुर्ची घेतली, उघडली आणि पलंगासमोर मांडली.

“यायचेत,” ती म्हणाली. “तुम्ही पहिले.”