वाढदिवसाची पुरीभाजी

खिडकी घट्ट लावून, मुख्य दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून रेश्माने तवा तापवला. धूर बाहेर टाकणारा पंखा लावायची सोय नव्हती. त्याचं तोंड थेट मालकीणबाईंच्या गच्चीकडे होतं. घर भाड्याने घेताना "आम्ही शाकाहारीच" असं सांगितलं होतं, त्याला तीन वर्षं झाली.

पण लेकीला, जुईला, आठव्या वाढदिवसाला मेक्सिकन हॉटडॉगच हवा होता, मोबाइलवर पाहिलेला. बेकनमध्ये, डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्यांत गुंडाळलेली सॉसेजेस चरचरू लागली, तशी ती चरचर पार जिन्यापर्यंत जातेय असं रेश्माला वाटलं. घामाने निथळत तिने लांबट पावांत सॉसेजेस, राजमा, कांदा-टोमॅटो भरलं, वर मेयोनीज ओतलं.

तेवढ्यात बेल वाजली. रेश्मा हातात चिमटा धरून जागच्या जागी थिजली.

जुई मात्र उठली. तिने देवापुढची उदबत्ती पेटवली, टॉवेल पायाने सोफ्याखाली सारला आणि उदबत्ती हातात धरूनच दार अर्धवट उघडलं. मालकीणबाई शिऱ्याची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"आई अंघोळीला गेलीय, आजी. आज ना, पुरीभाजी आहे आमच्याकडे!" वाटी घेऊन, गोड हसून तिने दार लावलं.

"शहाणी गं माझी बाय!" रेश्मा बोलून गेली.

जुईचा चेहरा खुलला. गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही आई इतकं मनापासून 'शहाणी' म्हणाली नव्हती.

तो खुललेला चेहरा बघून खिडकी उघडून टाकायला रेश्माचा हात कडीपर्यंत गेला, आणि तसाच मागे आला.