चार मीटरचं वर्तुळ

औसा सोडल्यापासून अर्शियाने तिसऱ्यांदा स्कूटी कडेला घेतली आणि फोन पाहिला. पंचशीलाताईंचा अजून काही निरोप नव्हता. त्या शाळेत तासावर असणार. तिने पुन्हा लावला, पुन्हा कुणी उचलला नाही.

वाजला तो अम्मीचा फोन. "अगं, नाश्ता तसाच टाकून कुठं पळालीस?"

"माळावर, अम्मी. येतेच."

"आता कुठलं पाखरू?"

पाखरू नव्हतं. लांडगीची चार पिल्लं होती, आणि अर्शियाच्या एका फोटोपायी त्यांच्या जिवावर बेतलं होतं. हे अम्मीला फोनवर कसं सांगणार? तिने फोन ठेवला आणि स्कूटी पळवली.

फोटो रविवारचा. वन्यप्राण्यांच्या नोंदी ठेवणारा तिचा एक गट होता आणि त्यात पंचशीलाताईंचा दंडक चाले. नोंद करायची तर ठिकाण अचूक हवं. फोन काढला आणि बटण दाबलं, असं चालायचं नाही. नकाशावरचं निळं वर्तुळ सुरुवातीला ऐसपैस असतं, ते आवळत येईपर्यंत गप्प उभं राहायचं. बाकीचे पन्नास मीटरवरच कंटाळत. अर्शिया मात्र माळावरच्या चिंचेखालून हलली नाही. वर्तुळ चार मीटरवर आलं, तेव्हाच तिने झूम करून पिल्लं टिपली. ही पोरगी मीठसुद्धा तोलून घालेल, अशी अब्बा तिची थट्टा करत. करोत बापडे. तिला त्या चार मीटरचा भारी अभिमान वाटला होता.

आणि एवढी काटेकोर मुलगी नेमकी एका ठिकाणी चुकली. ग्रुपवर साधा फोटो टाकला की पुसट होतो, म्हणून तिने तो डॉक्युमेंट करून पाठवला. तसा पाठवला की फोटोबरोबर तो जिथून काढला ते ठिकाणही जातं. तो पुढे कुणी कुणाला ढकलला, कुणास ठाऊक.

आज सकाळी अनोळखी नंबर वाजला होता. "अर्शियाताई का? मी सोमेश, माळाखालच्या वस्तीवरचा. तुमच्या वडलांच्या, फारूकभाईंच्या दुकानातून नंबर घेतला. तुमचा लांडग्याच्या पिल्लांचा फोटो आमच्याकडं फिरतोय बगा. ठिकाणासकट. लोकं लई खवळलेत. तुम्ही एकदा येऊन बगा."

मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या एका माळावर बिळाच्या तोंडाशी काडीकचरा पेटवून पिल्लं आतच कोंडून मारली होती. अर्शियाने ते काळं पडलेलं बीळ नंतर पाहिलं होतं. नाश्ता तसाच टाकून तिने स्कूटीची किल्ली उचलली होती.

फाट्यावर सोमेश मोटारसायकल घेऊन उभाच होता. तिशीतला, गळ्यात टॉवेल, बोलणं मऊ. पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली. मागे डिझेलचं कॅन बांधलेलं.

"इंजिनाला घेतलंय," तिची नजर पाहून तो म्हणाला. "चला, म्होरं व्हा."

"तुमची पण करडं नेली का हो लांडग्यांनी?"

"दोन नेली. आमच्या आईनं दोन दिस तोंडात घास घेतला न्हाई. पर मुका जीव हाय. त्याला काय कळतंय?"

अर्शियाला भरून आलं. या माणसाचं नुकसान झालंय, तरी तो पिल्लांसाठी धावून आलाय.

"वनखात्याला कळवू का?" तिने विचारलं.

"कळवू की. पर पिल्लं हायत का न्हाईत, ते तर बगा आधी. उगं सायबांना पळवून काय फायदा?"

तेही खरंच होतं. गाड्या लावून ते पायवाटेने वर चढले. अर्शिया पुढे, सोमेश मागे. चिंच दिसली तशी ती झपाझप पुढे गेली.

झाडाखालचे दगड उलटेपालटे पडले होते. मुळांपाशी कुणीतरी कुदळीने उकरलं होतं. माती अजून ओली होती.

"आलते म्हणा की," सोमेश हळूच म्हणाला.

"माझ्यामुळं झालं हे सगळं!" अर्शियाला रडू फुटलं. "मीच त्यांना वाट दाखवली!"

"रडू नका, ताई. बगा तर आधी. राहिली असतील, देव करो."

ती धावत सुटली. चिंचेपलीकडचा उतार, खालचा कोरडा नाला, नाल्यातली वाळू, समोरची दरड. ओढणी बाभळीला अडकली, ती तिने ओढून फाडली. दरडीवर तरवडाची दाट जाळी होती. ती बाजूला सारून अर्शिया पोटावर आडवी झाली आणि कपारीखालच्या अंधाराला कान लावला.

काहीच नाही. मग एक बारीक कुईं. पाठोपाठ दुसरी. अंधारात डोळे चमकले, आणि एक पिल्लू दुसऱ्याच्या अंगावरून घरंगळत पुढे आलं.

"आहेत!" ती एकदम ओरडली. हसतही होती आणि रडतही. "सोमेशभाऊ, चौघंही आहेत! कुणी हातसुद्धा लावला नाही!"

सोमेश धापा टाकत तिच्याशेजारी बसला. त्याने टॉवेलने तोंड पुसलं, वाकून बिळाचं तोंड नीट पाहून घेतलं. मग नाल्यापलीकडे वळून लांब शीळ घातली. चिंचेमागच्या बांधाआडून चार-पाच माणसं उठली. पुढच्याच्या हातात सोमेशच्या गाडीवरचं डिझेलचं कॅन होतं.

"बरं झालं, तुम्ही आलात ताई," तो म्हणाला. "फोटो चार मीटर म्हणतोय, आन् आम्ही आपलं परवापासून त्या चिंचेखालीच हुडकत बसलो."