डावा कोपरा

"बस बाहेर," सुरेश म्हणाला, आणि प्रेस्टन काही न विचारता गुडघ्यावरची पट्टी सोडू लागला.

मध्यंतर झालं होतं. अबू धाबीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मॅट अंथरून मराठी मंडळाच्या कबड्डी लीगचा सामना चालला होता. जिंकलं तरच सुरेशचा संघ उपांत्य फेरीत जाणार होता. बरोबरी चालणार नव्हती.

सुरेश संघाचा न खेळणारा कॅप्टन. खेळाडू वाटून घेताना पहिली निवड सुरेशच्या वाट्याला आली, तेव्हा त्याने क्षणही न दवडता प्रेस्टन डाबरेचं नाव घेतलं होतं. वसईचा डावा कोपरारक्षक, विद्यापीठाकडून खेळलेला, आता रुवैसच्या रिफायनरीत नोकरीला. बाकीच्या कॅप्टनांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. आता तेच गालात हसत होते. रेडर प्रेस्टनच्या पुढ्यात पाय टाकायचे, तो वाकायचा आणि तसाच वाकलेला राहायचा.

"काय रे पहिला नंबर," मघाशी प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलंही होतं, "पाय धरायला मुहूर्त काढायचाय का?"

"दुखतंय कुठे?" सुरेशने विचारलं.

"नाही सर."

"मग जात का नाहीस? पाय मला इथून दिसतो. तुला दिसत नाही?"

"दिसतो ना." प्रेस्टनने शेजारी पाणी पिणाऱ्या तन्मयकडे पाहिलं. तन्मय बँकेत ऑडिटर. पकडीच्या साखळीत प्रेस्टनचा उजवा हात त्याच्या हातात असे. "पण तन्मय नाही म्हणतो."

तन्मयला ठसका लागला. "मी? मी कधी नाही म्हणालो?"

"मी हात दाबतो. तू परत दाबत नाहीस."

"अरे यार, मला वाटलं तू टेन्शनमध्ये आहेस! मी उलट हात ढिला सोडायचो. म्हटलं, रिलॅक्स होईल बिचारा."

सुरेशला हसू आलं आणि लगेच विरलं. कोपऱ्याने खाली पाय धरला की रेडर मध्यरेषेकडे झेप घेतो ती शेजाऱ्याच्या अंगावरून. शेजारी तयार नसला तर त्याचा दात जातो, नाहीतर खांदा. सुरेशच्या पुण्यातल्या क्लबात असलं कुणी कुणाला विचारत नसे. कोच ओरडायचा, पोरं उड्या घ्यायची. प्रेस्टनच्या मैदानावर हात दाबून विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. ही गोष्ट सांगावी लागते, हेच प्रेस्टनला माहीत नव्हतं.

"लोक तुला इतकं बोलले. एका शब्दाने सांगायचंस तरी!"

"काय सांगणार, सर? नाही म्हणाला तर नाही. त्याला लहान मुलगी आहे. सोमवारी ऑफिसला जायचं असतं."

सुरेशने खाली पडलेली पट्टी उचलून त्याच्या हातात दिली. "बांध परत."

उत्तरार्धात हॉलला खरा प्रेस्टन दिसला. रेडरचा पाय बोनस रेषेवर टेकायच्या आत तो खाली गेलेला असे. झटापट नाही, आरडाओरडा नाही. घोट्याला हात पडला की माणूस जागच्या जागी खिळायचा, आणि वरून तन्मय झेपावायचा. सुरेशने उभ्या आयुष्यात इतकी स्वच्छ पकड फार थोड्यांची पाहिली होती. पिछाडी मिटली. शेवटून तिसऱ्या चढाईत समोरचा धिप्पाड अबरार सापडता सापडता निसटला. जाताना त्याचा गुडघा तन्मयच्या जबड्यावर बसला.

"बाबा, यू आर ब्लीडिंग!" तन्मयची छोटी मिहिका खुर्चीवर उभी राहून किंचाळली. तन्मय ओठ पुसत, बाद होऊन रेषेबाहेर गेला. त्या टचने समोरचे एका गुणाने पुढे गेले, पण पुढच्याच चढाईत सुरेशच्या रेडरने एक गडी टिपला; गुण बरोबरीत आले आणि तन्मय पुन्हा आत आला.

आणखी एकच चढाई उरली, तीही अबरारचीच. त्याला नुसतं परत जायचं होतं. सुरेशच्या संघाला त्याला धरणं भाग होतं. पण हॉल टाळ्या वाजवत होता आणि अबरारला मिरवायची हौस होती. 'कबड्डी कबड्डी' म्हणत तो डाव्या कोपऱ्याकडे आला आणि प्रेस्टनच्या पुढ्यात, वीतभर अंतरावर, पाय टेकवून उभा राहिला.

प्रेस्टनने हात दाबला. रेषेबाहेरून सुरेशला त्याचा अंगठा दिसला. तन्मयची नजर अबरारच्या गुडघ्यावर होती. त्याची बोटं ताठच राहिली.

"जा!" सुरेशच्या तोंडातून निघून गेलं.

प्रेस्टनने आणखी एकदा दाबला. मग तो नुसता वाकून राहिला. पाय उचलला गेला, अबरार मध्यरेषा ओलांडून गेला, शिट्टी वाजली.

"पहिला नंबर खलास!" प्रेक्षकांत हशा पिकला.

हस्तांदोलनाला आलेला समोरचा कॅप्टन अर्श प्रेस्टनच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "काय हबीबी, पाय ताटात वाढून दिला होता की!"

तन्मयचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने काही बोलायला सुजलेले ओठ उघडले.

"अंतर चुकलं रे माझं," प्रेस्टन त्याच्या आधीच म्हणाला आणि हसला.

अर्शने सुरेशकडे पाहिलं. "वाटलं नव्हतं. तुमचा इतका भरवशाचा माणूस..."

चुकीच्या निर्णयाबद्दल पंचांशी पार्किंगपर्यंत वाद घालणारा माणूस म्हणून सुरेश सगळ्या मंडळात प्रसिद्ध होता.

"हो ना," तो म्हणाला. "अंतर चुकलं त्याचं." आणि प्रेस्टनची बॅग स्वतःच्या खांद्याला लावून तो दाराकडे चालू लागला.