केसभर मंद

काकांनी रेष ओढली आणि तिघंही तिची वाट बघत बसले.

रेष काही येईना. काकांनी माउस सोडला, चष्मा काढून पुसला, परत लावला, तेव्हा कुठे ती पडद्यावर उगवली. आधी एक तुकडा, मग एकदम उडी, मग पुन्हा मुक्काम. या गतीने शाळेचा जिना काढायचा म्हटलं, तर त्यावर चढायची पोरं पेन्शनीत निघाली असती.

"बघितलंस?" काका म्हणाले. "उभा जन्म नकाशे काढण्यात गेला, पण इतकी आळशी रेष पाहिली नाही."

"सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी आहे मेली," काकू म्हणाल्या. "हाक मारली तरी उठत नाही."

तिसरी होती डॉक्टरीण. औषधांची नव्हे, मशीनची. ऑफिसात तिला सगळे हेच म्हणत, कारण तिचा हातगुणच तसा होता. ती जिना चढायला लागली की वरच्या मजल्यावरचे रुसलेले प्रिंटर घसा खाकरून आपणहून सुरू होत. खोटं वाटत असेल तर त्या प्रिंटरांना विचारा.

अर्धांगाच्या झटक्यातून उठल्यापासून काका घरूनच काम करत होते. मशीन ऑफिसात, काका इथे, आणि तिकडचा पडदा इंटरनेटवरून इकडच्या पडद्यावर. पण शाळेच्या जिन्याचा नकाशा काही पुढे सरकत नव्हता. साहेबांनी डॉक्टरिणीला निघताना बाजूला घेतलं होतं. "मशीन बिघडलं असेल तर थांबू. माणूसच थकला असेल तर तसं सांग, काम दुसऱ्याला देऊन टाकतो." ते वाक्य ती वाटभर चघळत आली होती.

आधी तिने राउटर शोधला. वायरीचा माग काढत ती स्वयंपाकघरात पोचली. वायर फळीवरच्या स्टीलच्या डब्यात शिरत होती. झाकण घट्ट, आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं.

"काकू, हा आत कशाला?"

"धूळ बसते गं त्याच्यावर. शिवाय दिवसभर माझ्याकडे बघून डोळे मिचकावतो. या वयात शोभतं का?"

डॉक्टरीण पोट धरून हसली. "अहो, स्टीलच्या डब्यात कोंडल्यावर त्याची हाक बाहेर जाणार कशी?" तिने राउटर काढून काकांच्या टेबलावर आणून ठेवला. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत काकू चहा टाकायला वळल्या.

रेष सुधारली, पण अजून लंगडतच होती. मग डॉक्टरीण तिथूनच ऑफिसच्या मशीनच्या सेटिंगमध्ये उतरली, आणि तिचं हसू मावळलं. चित्रं भराभर काढायला त्या मशीनमध्ये पैलवानासारखं ग्राफिक्स कार्ड होतं. पण लांबून काम करताना त्याला हात लावायचा नाही, असं कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. वर पडद्यावरच्या खिडकीखिडकीला सावल्या, उघडमिटीला नाच, मागे बर्फाच्या डोंगराचं भलंमोठं चित्र. एवढं आपोआप बिघडत नाही. एवढं बिघडवायला माहितगार माणूस लागतो.

तिने कार्ड चालू केलं, बाकीचा तमाशा बंद केला. "काका, आता ओढा."

माउसवरचा हात हलला नाही. "राहू दे ना. चहा घेऊन जा."

"एकदाच, काका."

काकांनी रेष ओढली. आता ती हाताला सावलीसारखी चिकटून होती. हात थरथरला की थरथरे. पायरीच्या कोपऱ्यापाशी हात दमून टेकला, तशी तीही टेकली. मग हळूहळू निघाली, आणि जिथे पोचायचं होतं नेमकी तिथेच पोचली.

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या.

"मीच केलं होतं ते," काका हलक्या आवाजात म्हणाले. "तुझी काकू रोज मागे येऊन उभी राहते. आज कसं चाललंय म्हणते. मी मशीनला चार शिव्या हासडतो, ती हसते आणि निवांत झोपते. हाताचं कळलं तर तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही, पोरी."

डॉक्टरिणीने पडद्याकडे पाहिलं. पायरी बरोबर होती. तिच्या खालच्या सगळ्या पायऱ्याही बरोबर होत्या. एकीवरही कुठलं पोर अडखळलं नसतं. मग तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. धडधाकट मशीन बिघडवायला बसली. एक सावली परत आणली, एक नाच परत आणला, थोडं वाढव, थोडं काढ, आमटीतलं मीठ चाखावं तसं. शेवटी रेष काकांच्या हातापेक्षा केसभर मंद झाली. केसभरच.

"हात सुधारला की फोन करा," ती म्हणाली. "मशीनही तेवढंच सुधारून देईन."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

जिन्यात येताच तिने साहेबांना फोन लावला. "मशीनच आहे, साहेब. जुनाट दुखणं, वेळ लागेल. माणूस? माणूस ठणठणीत. झालेल्या पायऱ्या तपासा, एक चूक सापडली तर मला ऑफिसात झाडू मारायला लावा."

फोन ठेवून वळली, तर वर दारात काकू. काखेत तोच स्टीलचा डबा.

"दुरुस्त नाही ना झालं?" काकूंनी कुजबुजत विचारलं.

"नाही, काकू. वेळ लागेल."

काकूंनी हुश्श केलं. "तरी राउटरही परत डब्यात घालते. ह्यांना रागवायला काहीतरी लागतं गं. हातावर रागावले की जेवत नाहीत."