हाताचं काम

लग्न होऊन लखनौला आल्यापासून लतिकाताईंनी चिकनचं भरतकाम शिकायचा चंगच बांधला होता. टाका जरा कुठे तिरका गेला, की उसवायचा आणि पुन्हा भरायचा. "अगं, बास कर! कापडापेक्षा भोकंच जास्त झाली त्यात," असं रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान रमाकांतराव चिडवायचे. पण बाई हटल्या नाहीत. यंदा त्यांनी असा टेबलक्लॉथ भरला, की दृष्ट काढून ठेवावी.

इंदिरा नगरात मराठी मंडळाची हस्तकला स्पर्धा होती. परीक्षक म्हणून निशातगंजात चिकनच्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी टेबलक्लॉथ उलटून पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला आणि बाजूला सारला.

"बहनजी, ये तो मशीन का काम है. हाथ का होता तो कहीं तो टेढ़ा होता!"

लतिकाताईंनी शपथा घेतल्या, बोटांवरचे घट्टे दाखवले. परीक्षक बाईंचं लक्ष मात्र लतिकाताईंच्या जेवणाच्या डब्याला गुंडाळलेल्या रुमालाकडे गेलं. तो लतिकाताईंनी भरलेला पहिलावहिला रुमाल होता, आणि त्यातलं एकही फूल धड उभं नव्हतं.

"वाह! इसको कहते हैं हाथ का काम!" म्हणत बाईंनी पहिलं बक्षीस त्या रुमालाला देऊन टाकलं.



हल्ली लतिकाताई रोज दुपारी वाकडा टाका घालायला शिकताहेत. मेला सरळच पडला, की उसवायचा आणि पुन्हा भरायचा.