निम्म्या दरात

भाऊजींनी ताईची करंगळी उलटी वळवली, तेव्हा अख्खं नाट्यगृह पोट धरधरून हसत होतं.

हसण्यासारखंच होतं म्हणा. रंगमंचावर पिवळ्या कोटातला एक जाड्या नट प्रेक्षकांच्या फोनमधले मेसेज चिरक्या आवाजात वाचत होता आणि मागचा ढोलवाला प्रत्येक वाक्याला ढुम्म करत होता. या नाटकाची गंमतच ती. तिकीट काढताना ‘आमचे मेसेज खुशाल वाचा’ असं कबूल केलं की दर निम्मा. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. ज्याचा मेसेज असेल त्याने आपण होऊन उभं राहायचं आणि टाळ्या घ्यायच्या. आत्ताच एक टकलू काका उभे राहिले होते. ‘सोनुली, निघालो गं’ हा बायकोसाठीचा मेसेज त्यांनी चुकून साहेबांना पाठवला होता. लोक खुर्चीतून पडायचेच बाकी होते.

ताईची धाकटी बहीणसुद्धा हसली होती. तिकिटं तिनेच आपल्या फोनवरून काढली होती ना! अटींचं मारुतीच्या शेपटासारखं लांबलचक शेपूट तिने अंगठ्याने सरसर खाली ढकललं आणि दिसेल तिथे ‘हो’ दाबलं. ताईला कधी नव्हे ते घराबाहेर काढायचं होतं. भाऊजी सोबत असल्याशिवाय ताईला कुठेच जायला मिळत नाही, म्हणून त्यांचंही काढलं. एवढ्या खटपटीत कसल्या अटी नि कसलं काय!

“पुढचा!” नट म्हणाला. “‘बाथरूममध्ये कोंडून घेतलंय. बाहेर येता येत नाही.’”

ढुम्म.

“काय खाल्लं होतं गं बाई?” मागून कुणीतरी ओरडलं. हशाचा नुसता धबधबा.

हे वाक्य धाकटीला तोंडपाठ होतं. ताईने तिलाच पाठवलं होतं ते.

ताईच्या मांडीवरच्या कोटाखाली भाऊजींचा हात सरकला. भाऊजी दातांचे डॉक्टर. हात इतका हलका, की दाढ कधी निघाली ते कळतच नाही, असं पेशंट म्हणतात. चेहरा रंगमंचाकडे, ओठांवर हसू, आवाज अगदी दवाखान्यातला.

“कुणाला पाठवलंस हे?”

“मी... नाही हो...”

“ओरडायचं नाही हं. शहाणी ना तू?”

वर्गात खडू मोडतो तसा आवाज झाला. ताई ओरडली नाही. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं.

“‘तो दारावर लाथा घालतोय,’” नट चिरकला. ढुम्म. या वेळी हसायला निम्मेच लोक उरले. “‘बिजागरी निघाली. फोन करू नकोस, आवाज झाला की आणखी मारतो.’”

ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला. नटाचा चिरका आवाज कुठेतरी गळून पडला आणि त्याचा स्वतःचा, साधा आवाज बाहेर आला. “‘आईला सांगू नकोस. डोळ्याचं विचारलंच, तर कपाटाचं दार लागलं म्हण.’”

धाकटी ताईच्या अंगावरून झेपावली आणि तिने भाऊजींच्या मनगटात दात रुतवले. दातांच्या डॉक्टरला चावली! भाऊजींनी कोपर हाणलं. ओठ फुटला, तोंडात रक्त भरलं, तरी तिने सोडलं नाही. दुसरं कोपर नाकावर बसलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा कुठे दात सुटले.

“घरी चल,” भाऊजी ताईला म्हणाले. “मग बघतो.”

“ताई, ऊठ! घरी जायचं नाही. आत्ता ऊठ!”

“गप बस गं,” ताई कुजबुजली. “लोक बघतायत.”

“बघू देत की! मरायचंय का तुला?”

“दिवे लावा,” नट म्हणाला. दिवे लागले. त्याने कपाळावरचा घाम कोटाच्या बाहीने पुसला. “ज्यांचा हा मेसेज आहे, त्यांनी... नका, उभं नका राहू. बसा. मला ठाऊक नव्हतं. माफ करा.”



मग दुसऱ्या रांगेतली एक पांढऱ्या केसांची बाई उठली. “माझा आहे,” ती स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाली. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला इतक्या जोरात खाली ओढलं की बाही टर्रकन फाटली. ती तशीच उभी राहिली, एक खांदा उघडा टाकून. वर सज्जात एक मुलगी उठली, धाकटीपेक्षा फार तर चार इयत्ता पुढची. तिच्याबरोबरच्या मुलाने तिच्या थोबाडीत मारली. चपराकीचा आवाज खालपर्यंत आला. मुलगी हेलपाटली आणि कठडा धरून परत सरळ झाली. दाराजवळची तिकीट तपासणारी बाई तर उभीच होती. तिने नुसता हात वर केला.

ताईने भाऊजींचा हात आपल्या मनगटावरून सोडवला, एकेक बोट करत. ती उठायला लागली तशी त्यांनी कमरेत बुक्की घातली. ती पुढच्या खुर्चीवर आपटली. धाकटीने मागून तिचा कमरेचा पट्टा घट्ट धरला, आपल्या रक्ताचे डाग तिच्या पाठीवर उमटवत तिला वर रेटलं. ताई उभी राहिली. भलतीकडेच वळलेली करंगळी तिने सगळ्यांना दिसेल अशी समोर धरली.

“माझा आहे,” ती म्हणाली.

नटाने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग सज्जाकडे, दुसऱ्या रांगेकडे, दाराकडे, ताईकडे. आणखी कुठेतरी एक खुर्ची करकरली.

“पण,” तो म्हणाला, “मेसेज तर एकच आहे.”