रस्त्याकडचा खिळा

सायकलवर टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या, टोपल्या लादून बांतुल गावाहून बाजाराला निघालेल्या वागिमनच्या कोपराला त्या आठवड्यात दुसऱ्यांदा मोटारीचा आरसा चाटून गेला. तो पडता पडता वाचला. दुसऱ्या दिवशी त्याने सायकलच्या कॅरिअरला एक बांबू आडवा बांधला. मोटारी जातात त्या बाजूला तो हातभर बाहेर आला होता आणि त्याच्या टोकाला खिळा होता.

त्या दिवशी झाडून सगळ्या मोटारी लांबून वळसा घालून गेल्या. गाडीच्या रंगावर ओरखडा कोणाला हवाय!

घरी बायकोने, सुमिनीने, चहा देत विचारलं, "काय हो, चालली का युक्ती?"

"चालली की."

"मग असं सुतकी तोंड कशाला?"

पेला हातात तसाच धरून वागिमन म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं, मी त्यांना दिसतच नाही गं."